१०० पिकोसेकंद म्हणजे किती सेंटिमीटर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन मीटर लांबीची प्लास्टिक सिंटिलेटरची (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकची) पट्टी आहे, दोन्ही टोकांना एकेक फोटोमल्टिप्लायर ट्यूब (मंद प्रकाशाचा विद्युत पल्स करणारी नळी) बसवली आहे आणि प्रत्येक टोकाचं टाइम रिझोल्यूशन, म्हणजे वेळेच्या मोजमापातली अनिश्चितता, १०० पिकोसेकंद (०.१ नॅनोसेकंद) मिळालं आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे कण पट्टीवर कुठे आदळला हे ३ सेंटिमीटरपर्यंत कळेल असं धरायचं का? आणि हाच हिशेब कुठल्याही डिटेक्टरला लावता येतो का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तुमच्या पट्टीत साधारण १ सेंटिमीटर मिळायला हवं, म्हणजे तुमच्या अंदाजाच्या जवळपास तिप्पट चांगलं. वेळेला वेगाने गुणलं की अंतर मिळतं हे खरंच. पण वेग कशाचा आणि वेळ कुठली, हे ठरवल्याशिवाय तो गुणाकार करता येत नाही. काही डिटेक्टरमध्ये तर मोजलेल्या वेळेत स्थानाची माहितीच नसते, आणि तिथे गुणाकार करून जो आकडा येतो त्याला काही अर्थ नसतो. आधी तुमची पट्टी घेऊ, कारण या नात्याच्या सगळ्या खाचाखोचा तिच्यातच दिसतात.

३० सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद हा निर्वातातला वेग झाला. प्लास्टिक सिंटिलेटरचा अपवर्तनांक सुमारे १.५८, म्हणून आतमध्ये प्रकाश १९ सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद वेगाने जातो. तोही लांबीच्या दिशेने सरळ जात नाही. पृष्ठभागांवरून पूर्ण आंतरिक परावर्तन होत होत नागमोडी वाटेने टोकाशी पोचतो, त्यामुळे लांबीच्या दिशेने मोजलेला परिणामी वेग आणखी कमी, साधारण १४ ते १६ सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद भरतो. खालच्या हिशेबात मी १५ धरतो. तुम्ही मात्र तो तुमच्याच पट्टीवर मोजा. पट्टीची जाडी, पृष्ठभागाची पॉलिश आणि डिस्क्रिमिनेटरचा थ्रेशोल्ड (पल्स ज्या उंचीला पोचला की ते सर्किट वेळेची खूण देतं ती उंची) या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो.

आता वेळ. कण डाव्या टोकापासून क्ष अंतरावर आदळला तर डाव्या ट्यूबची वेळ म्हणजे आदळण्याचा क्षण अधिक (क्ष ÷ वेग), आणि उजव्या ट्यूबची वेळ म्हणजे आदळण्याचा क्षण अधिक (लांबी वजा क्ष) ÷ वेग. दोन्हींची वजाबाकी केली की आदळण्याचा क्षण गळून पडतो आणि उरतं ते असं:

क्ष = (लांबी ÷ २) + वेग × (डावी वेळ − उजवी वेळ) ÷ २

कण १ सेंटिमीटर उजवीकडे सरकला, तर डावीकडच्या प्रकाशाला १ सेंटिमीटर जास्त जावं लागतं आणि उजवीकडच्याला १ सेंटिमीटर कमी. वेळेतला फरक २ सेंटिमीटरच्या प्रवासाएवढा बदलतो, म्हणजे १३३ पिकोसेकंदांनी. सूत्रातला भागिले दोन इथून येतो आणि तो तुमच्या फायद्याचा आहे. उलट बाजूला, वजाबाकीत दोन मोजमापांच्या अनिश्चितता एकत्र येतात. त्या स्वतंत्र असतील तर वर्गांची बेरीज होते आणि फरकाची सिग्मा (प्रमाण विचलन, म्हणजे अनिश्चिततेचं माप) १०० × √२, म्हणजे १४१ पिकोसेकंद होते. १४१ ला १३३ ने भागलं की १.०६ सेंटिमीटर. हे तुमच्या पट्टीचं पोझिशन रिझोल्यूशन.

वजाबाकीऐवजी बेरीज केली तर उलटं होतं: क्ष गळून पडतो आणि आदळण्याचा क्षण उरतो. दोन टोकांच्या सरासरी वेळेची सिग्मा १०० ÷ √२, म्हणजे ७१ पिकोसेकंद. तिला १५ ने गुणा, पुन्हा १.०६ सेंटिमीटरच येतात. म्हणजे स्थानाची सिग्मा = परिणामी वेग × सरासरी वेळेची सिग्मा. हे सूत्र अनेक ठिकाणी सिद्धांतासारखं छापलेलं दिसतं. सुटसुटीत आहे, लक्षात राहतं, आणि म्हणूनच ते नको तिथेही लावलं जातं. ते खरं ठरतं फक्त एका अटीवर: दोन्ही टोकांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत.

ती अट दोन वेगवेगळ्या बाजूंनी मोडते, आणि प्रत्यक्ष कामात माझ्या मते हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिली बाजू, दोन्ही टोकांना एकाच वेळी, एकाच दिशेने ढकलणाऱ्या चुका. समजा, वेळेची सुरुवात दुसऱ्या एका स्टार्ट काउंटरवरून (घड्याळ सुरू करणाऱ्या वेगळ्या डिटेक्टरवरून) घेतली आहे आणि त्याची स्वतःची सिग्मा ८० पिकोसेकंद आहे. तो ४० पिकोसेकंद उशिरा बोलला, तर डावी आणि उजवी दोन्ही वेळा ४० पिकोसेकंदांनी कमी दिसतील. फरकावर शून्य परिणाम. सरासरीवर पूर्ण परिणाम: ७१ आणि ८० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की १०७ पिकोसेकंद. आता कुणी हे १०७ उचलून १५ ने गुणलं तर १.६ सेंटिमीटर येतील, पण पट्टी स्थान मात्र १.०६ सेंटिमीटरनेच सांगत असते. क्लॉक वाटपातला दोन्ही चॅनेलना समान असणारा जिटर (वेळेतली अनियमित थरथर) याच जातीचा. फरकावरून काढलेल्या स्थानाला आदळण्याचा खरा क्षण माहीत असण्याची गरजच नसते. दोन टोकांच्या पद्धतीचं हे मोठं बळ आहे.

दुसरी बाजू याच्या बरोबर उलट. ज्या चुका डावी वेळ वाढवतात आणि तेवढीच उजवी कमी करतात, त्या बेरजेत मिटतात आणि वजाबाकीत दुपटीने उरतात. कणाने वाटेत एखादा जोरदार इलेक्ट्रॉन उडवला आणि तो पट्टीच्या लांबीच्या दिशेने धावला, तर प्रकाशाचा मध्यबिंदूच सरकतो. तिरका मार्गही असाच: २ सेंटिमीटर जाडीच्या पट्टीतून कण लांबीच्या दिशेला ४५ अंशात झुकून गेला तर त्याचा प्रकाश लांबीच्या दिशेने २ सेंटिमीटरभर पसरतो, आणि ‘कण कुठे आदळला’ या प्रश्नालाच नेमकं एक उत्तर राहत नाही. अशा वेळी सरासरी वेळ छान दिसते आणि स्थान बिघडलेलं असतं.

म्हणून एखाद्या डिटेक्टरच्या वर्णनात ‘टाइम रिझोल्यूशन ७० पिकोसेकंद’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून स्थान काढायला बसू नका. ते एका टोकाचं आहे, फरकाचं आहे की सरासरीचं, त्यातून स्टार्ट काउंटरचा वाटा वजा केला आहे का, हे आधी शोधा. एका टोकाचा आकडा सरासरीचा समजला तर उत्तर √२ पटीने चुकतं, आणि फरकाचा आकडा सरासरीचा समजला तर दुपटीने.

प्रकाश वाटेत शोषला जातो, त्याचाही विचार करू. टोकाशी पोचणाऱ्या फोटॉनांची संख्या अंतराबरोबर घातांकी पद्धतीने घटते, आणि वेळेची सिग्मा साधारण फोटॉनसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. पट्टी २ मीटरची आणि क्षीणन लांबीही (ज्या अंतरात प्रकाश सुमारे ३७ टक्के उरतो ते अंतर) २ मीटर धरली, तर स्थानाची सिग्मा मधोमध सर्वांत चांगली आणि टोकाशी जवळपास ६ टक्क्यांनी वाईट येते. एका ट्यूबचा फायदा होतो, पण दुसरीचा तोटा त्याहून जास्त असतो. वेळेचं मात्र उलट. कण कुठे आदळला हे दुसऱ्या डिटेक्टरवरून माहीत असेल आणि दोन्ही टोकांच्या वेळांना त्यांच्या अचूकतेनुसार वजन दिलं, तर वेळेची सिग्मा टोकाशी मधल्यापेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी सुधारते. एकाच पट्टीत, एकाच ठिकाणी, स्थान बिघडतं आणि वेळ सुधारते. मग वेगाने गुणण्याचं सूत्र पट्टीभर सारखं कसं लागू होणार?

टाइम वॉकही इथेच पाहायला हवा, कारण तो स्थानात गुपचूप शिरतो. थ्रेशोल्ड स्थिर असेल तर मोठा पल्स तो लवकर ओलांडतो, लहान पल्स उशिरा. कण डाव्या टोकाजवळ आदळला की डावा पल्स मोठा आणि लवकर, उजवा लहान आणि उशिरा. म्हणजे वॉकची दिशा आणि प्रकाशाच्या प्रवासाची दिशा एकच! वेळेतला फरक खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि परिणामी वेग खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. म्युऑनवर (वैश्विक किरणांतून येणाऱ्या कणांवर) कॅलिब्रेशन केलंत तर ते चालून जाईल, कारण वॉक त्या वेगात मुरलेला असतो. पण नंतर त्याच पट्टीत न्यूट्रॉनच्या टकरीतून आलेले लहान-मोठे पल्स मोजायला गेलात की ऊर्जेनुसार स्थान सरकू लागेल. आधी कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटरने (पल्सच्या उंचीच्या ठरावीक अंशावर वेळ घेणाऱ्या सर्किटने) किंवा पल्सच्या उंचीवरून वॉक दुरुस्त करायचा आणि मगच वेग मोजायचा, हा क्रम पाळावाच लागतो.

वेळेची मूळ अनिश्चितता येते कुठून? इलेक्ट्रॉनिक्सचा वाटा साधारणपणे पल्सचा चढण्याचा वेळ भागिले सिग्नल-नॉइज गुणोत्तर एवढा. २ नॅनोसेकंदांत चढणारा पल्स आणि गुणोत्तर १००, तर २० पिकोसेकंद. टीडीसीचा (वेळेचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या सर्किटचा) वाटा त्याच्या एका घराच्या रुंदीला √१२ ने भागून मिळतो, कारण घरात कुठेही असण्याची शक्यता सारखीच असली की सिग्मा तेवढी येते. २५ पिकोसेकंदांच्या घराला ७ पिकोसेकंद. लांब सिंटिलेटर पट्टीत या दोन्हींपेक्षा फोटॉनांचा वाटा बहुतेक वेळा मोठा असतो, त्यामुळे महागडा टीडीसी घेऊन तिथे फारसं काही साधत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे इतर डिटेक्टरांकडे. ड्रिफ्ट चेंबरमध्ये स्थानाची माहिती प्रकाश आणत नाही, वायूतून तारेकडे सरकणारे इलेक्ट्रॉन आणतात, आणि त्यांचा वेग साधारण ५ सेंटिमीटर प्रति मायक्रोसेकंद असतो. म्हणजे १ नॅनोसेकंदाला ५० मायक्रोमीटर. तुमच्या पट्टीपेक्षा वेळ दहा पटीने वाईट मोजली तरी स्थान दोनशे पटीने चांगलं! भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांनी १९६८ मध्ये बहुतार प्रपोर्शनल चेंबर दाखवला (त्याबद्दल १९९२ चं नोबेल मिळालं), त्यात तारा २ मिलिमीटर अंतरावर असतील तर फक्त ‘कुठली तार बोलली’ एवढ्यावरून २ ÷ √१२, म्हणजे ०.५८ मिलिमीटर मिळतात. त्यानंतर थोड्याच वर्षांत ड्रिफ्टची वेळ मोजायला सुरुवात झाली आणि तारा विरळ करूनही रिझोल्यूशन १०० मायक्रोमीटरच्या आसपास आलं. वेळेवरून जागा काढण्याच्या कल्पनेचं सगळ्यात घसघशीत यश मला हेच वाटतं.

पण इथेही गुणाकार शेवटपर्यंत चालत नाही. अ‍ॅटलास या सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या प्रयोगातल्या म्युऑनच्या ड्रिफ्ट नळ्यांचा व्यास ३० मिलिमीटर, त्यात ३ बार दाबाचा आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड, आणि ड्रिफ्टची जास्तीत जास्त वेळ सुमारे ७०० नॅनोसेकंद. १५ मिलिमीटरला ७०० नॅनोसेकंद म्हणजे सरासरी २१ मायक्रोमीटर प्रति नॅनोसेकंद. एका नळीचं सरासरी रिझोल्यूशन सुमारे ८० मायक्रोमीटर. वेळेत सांगायचं तर जवळपास ४ नॅनोसेकंद. त्यांचा टीडीसी मात्र ०.७८ नॅनोसेकंदांच्या घरात मोजतो, ज्याचा वाटा ५ मायक्रोमीटरच्या आसपास येतो. मग उरलेलं कुठून येतं? तारेजवळ मोजक्या आयनीभवन-गुच्छांच्या (कणाने वायूत मोकळ्या केलेल्या इलेक्ट्रॉनांच्या गुच्छांच्या) जागा अनियमित असतात, आणि तारेपासून दूर इलेक्ट्रॉनांचा ढग अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे पसरतो. त्यात वायूतला वेगही अंतराबरोबर बदलतो, म्हणून एका आकड्याने न गुणता वेळ आणि अंतर यांचा पूर्ण आलेख वापरावा लागतो.

टाइम प्रोजेक्शन चेंबर हा याच घराण्यातला. त्याची कल्पना डेव्हिड नायग्रेन यांची, १९७४ मधली. अ‍ॅलिस या त्याच कोलायडरवरच्या प्रयोगाच्या चेंबरमध्ये इलेक्ट्रॉन अडीच मीटरपर्यंत, सुमारे २.७ सेंटिमीटर प्रति मायक्रोसेकंद वेगाने वाहत जातात. इथे दुसरं टोक नाही, वजाबाकी नाही. त्यामुळे टक्कर नेमकी कधी झाली हे बाहेरून कळवावं लागतं, आणि त्यात १०० नॅनोसेकंदांची चूक झाली तर अख्खा मार्ग २.७ मिलिमीटरनी सरकतो. तुमच्या पट्टीत निरुपद्रवी असलेली समान चूक इथे थेट स्थानात उतरते.

पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफीत (पेट या वैद्यकीय स्कॅनमध्ये) खरोखरच ३० सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद लागू होतो, कारण धावतात ते ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा फोटॉन. दोघे विरुद्ध दिशांना जातात, म्हणून भागिले दोन इथेही आहेच. २१४ पिकोसेकंदांचं कोइन्सिडन्स (एकाच वेळी आलेल्या सिग्नलांचं) रिझोल्यूशन म्हणजे ३.२ सेंटिमीटर. पण हा आकडा दोन डिटेक्टरांमधल्या फरकाचाच असतो, त्यात √२ आधीच मुरलेला आहे, तो पुन्हा लावायचा नाही. शिवाय त्या क्षेत्रात रिझोल्यूशन अर्ध्या उंचीवरच्या पूर्ण रुंदीने सांगतात. सिग्मा हवी असेल तर २.३५५ ने भागा, म्हणजे ९१ पिकोसेकंद आणि १.४ सेंटिमीटर. कणभौतिकीतून वैद्यकीय उपकरणांकडे आलेल्यांची सर्वांत जास्त गल्लत इथे होते.

आता जिथे हे नातंच नसतं असे डिटेक्टर. एलगॅड, म्हणजे अंतर्गत वर्धन असलेले सिलिकॉन सेन्सर, ५० मायक्रोमीटर जाडीचे असतात आणि सुरुवातीला ३० पिकोसेकंदांच्या आसपास वेळ देतात. प्रकाशाच्या वेगाने गुणलं तर ९ मिलिमीटर. पण अ‍ॅटलास आणि त्याच कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगासाठी ठरवलेले पॅड (सेन्सरवरचे वेगवेगळे वाचले जाणारे चौकोन) १.३ मिलिमीटरचे आहेत, म्हणून स्थान मिळतं १.३ ÷ √१२, म्हणजे ०.३८ मिलिमीटर, आणि ते कुठला पॅड बोलला यावरून, वेळेवरून नव्हे. इथे सिग्नल तुम्हाला हव्या असलेल्या दिशेने प्रवासच करत नाही, त्यामुळे वेळ कितीही सुधारली तरी पॅडच्या आतली जागा कळणार नाही. वेळेचं काम तिथे वेगळं आहे: एकाच बंच क्रॉसिंगमध्ये (प्रोटॉनांचे दोन झुबके एकमेकांतून जाताना) होणाऱ्या, जागेने जवळ पण काळाने काही शे पिकोसेकंदांत विखुरलेल्या टकरी वेगळ्या करणं.

पाण्याच्या चेरेन्कोव्ह डिटेक्टरमध्ये (पाण्यातून वेगाने जाणाऱ्या कणाचा प्रकाश टिपणाऱ्या टाकीत) नातं असतं, पण ते हजारो ट्यूबमध्ये वाटलेलं. जपानमधल्या सुपर-कामिओकांदे या डिटेक्टरमध्ये आतल्या बाजूला ११ हजारांहून जास्त ट्यूब आहेत. एकाच फोटॉनसाठी एका ट्यूबची वेळ २ नॅनोसेकंदांच्या थोडी वर अनिश्चित असते आणि पाण्यात प्रकाश नॅनोसेकंदाला सुमारे २२ सेंटिमीटर जातो, म्हणजे एका ट्यूबवरून अर्ध्या मीटरचाच अंदाज. बऱ्याच ट्यूब एकत्र केल्या की घटनेची जागा त्याहून नेमकी ठरते, पण ट्यूबसंख्येच्या वर्गमुळाएवढी सुधारणा पूर्ण मिळत नाही; विखुरलेला आणि परावर्तित प्रकाश उशिरा येऊन मोजमाप एका बाजूला ओढत राहतो.

तुमच्या पट्टीवर हे तपासायचं कसं, तेही सांगतो. २ सेंटिमीटर रुंदीचे दोन लहान काउंटर पट्टीच्या वर आणि खाली, एकाखाली एक ठेवा आणि तिघांच्या कोइन्सिडन्सवर कॉस्मिक म्युऑन घ्या. ही जोडी पट्टीवर दर २० सेंटिमीटरला सरकवत न्या. प्रत्येक जागी वेळेच्या फरकाचा हिस्टोग्राम काढा. मध्यबिंदू जागेनुसार आलेखावर मांडले की सरळ रेषा येईल. तिचा उतार म्हणजे २ ÷ वेग. टोकांकडे रेषा वळली तर आधी वॉकवर संशय घ्या.

आता रुंदी. समजा, फरकाची सिग्मा १६० पिकोसेकंद दिसली. तिला ७.५ ने गुणून १.२ सेंटिमीटर लिहून मोकळं होऊ नका, कारण त्यात त्या लहान (ट्रिगर) काउंटरांची रुंदी मिसळलेली आहे. २ ÷ √१२ म्हणजे ०.५८ सेंटिमीटर, वेळेच्या फरकात ७७ पिकोसेकंद. १६० च्या वर्गातून ७७ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की १४० उरतात, म्हणजे प्रत्येक टोकाला ९९ पिकोसेकंद आणि स्थानात १.०५ सेंटिमीटर. तुमचे १०० पिकोसेकंद खरे असतील तर हिशेब असा जुळला पाहिजे. सरासरी वेळेची सिग्मा स्टार्ट काउंटरचा वाटा काढून ७० च्या आसपास आली तर चुका स्वतंत्र आहेत. सरासरी फुगलेली दिसली तर समान जिटर शोधा, क्लॉक आणि स्टार्टकडे बघा. फरक फुगलेला दिसला तर तिरके मार्ग आणि वॉक.

या पट्टीतून १ सेंटिमीटरऐवजी ३ मिलिमीटर काढायचे असतील, तर प्रत्येक टोकाला २८ पिकोसेकंद लागतील, म्हणजे फोटॉन जवळपास साडेबारा पट. दोन मीटरच्या प्लास्टिकमधून ते येणार नाहीत. तितकीच अचूकता १ सेंटिमीटर रुंदीच्या आडव्या पट्ट्यांचा एक थर फक्त ‘कुठली पट्टी बोलली’ एवढ्यावरून देतो, कारण १ ÷ √१२ म्हणजे २.९ मिलिमीटर. त्यासाठी २ मीटरला २०० चॅनेल लागतील. आज तुमच्याकडे २ आहेत. १ सेंटिमीटरवर भागत असेल तर मी पट्टी आहे तशीच ठेवेन आणि खर्च चांगल्या ट्यूबवर करेन. भागत नसेल तर वेळेच्या मागे न लागता तो आडवा थर बसवेन.